वर्खवाल्याची शिंक

सोन्याचा वर्ख फुंकरीने उडताना ज्याने एकदा पाहिला, तो पुढे आयुष्यभर श्वास जपून घेतो. वर्खवाला गेली चौदा वर्षं तसाच घेत होता. आरशांच्या आणि चित्रांच्या लाकडी चौकटींवर सोनं चढवायचं हे त्याचं काम. आधी चौकटीवर खडूपूड आणि सरसाचा लेप द्यायचा, तो घासून गुळगुळीत करायचा, आणि मग रुंद, विरळ केसांच्या ब्रशने वर्खाचं पान उचलून अलगद टेकवायचं. प्रत्येक वेळी ब्रश आधी स्वतःच्या गालावरून फिरवायचा, कारण गालाच्या तेलकटपणाशिवाय पान ब्रशला धरत नाही. पान इतकं पातळ की त्याच्याकडे रागाने पाहिलं तरी सुरकुतेल. म्हणून कारखान्यात पंखा नव्हता, खिडक्या बंद होत्या, आणि मालकाने आत एक पाटी लावली होती : हसायचे असल्यास बाहेर जाऊन हसावे.

अशा धंद्यात माशी शिंकली तरी काम बिघडतं. इथे तर वर्खवालाच शिंकायला लागला.

पहिल्या शिंकेला सहा पानं उडाली. चार परत मिळालीच नाहीत, दोन मालकाच्या टकलावर सापडली. मालक शांत माणूस. त्याने आरशात पाहिलं, बरं दिसतंय म्हणाला, आणि खडू घेऊन भिंतीवर एक रेघ ओढली. त्या दिवशी संध्याकाळपर्यंत भिंतीवर एकतीस रेघा झाल्या.

कारण कुणाला शोधायला जायचं नव्हतं. ते घरी सोफ्यावर पाय पसरून झोपलेलं होतं. सासरे वारल्यावर सासूबाई एक बॅग आणि एक कुत्रा घेऊन लेकीकडे आल्या, त्याला तेव्हा थोडेच दिवस झाले होते. कुत्रा तपकिरी, मध्यम उंचीचा, आणि चेहऱ्यावर कायम असा भाव की समोरच्याने गृहपाठ केलेला नाही. सासऱ्यांनी त्याचं नाव हेडमास्तर ठेवलं होतं. आल्या दिवशीच सासूबाईंनी सांगून टाकलं होतं की याचा कुणाला त्रास झाला तर तसं बोलून दाखवायचं, आम्ही दोघं बहिणीकडे जाऊ. बहीण चौथ्या मजल्यावर राहायची, दिवसभर अखंड बोलायची आणि कुत्र्याला गच्चीत बांधणार होती. तरीही सासूबाईंची बॅग दाराशीच उभी होती. रोज सकाळी त्या तिच्यातून कपडे काढायच्या, धुतलेले परत तिच्यातच ठेवायच्या, आणि वर हेडमास्तरचा पट्टा गुंडाळून ठेवायच्या. गाडी चुकू नये म्हणून फलाटावर बसलेल्या माणसासारखं त्यांचं चाललं होतं.

एरवी सासू जाते म्हटल्यावर जावई बॅग उचलायला धावतो. वर्खवाल्याची गोष्ट वेगळी होती. सासूबाई घरात कुणाशी फारसं बोलत नसत. हो, नाही, मीठ पुढे करा, एवढंच. पण सकाळी स्वयंपाकघरात हेडमास्तरशी मात्र त्या तासभर बोलायच्या. भिंतीपलीकडे दाढी करता करता वर्खवाला सगळं ऐकायचा. सासरे कसे घोरायचे, ते घोरणं आता नसल्यामुळे झोप कशी लागत नाही. एक दिवस त्याने ऐकलं, "जावयाने काल सगळी भांडी घासली बघ. तुझ्या मालकाने जन्मात कप उचलला नाही." त्या दिवसापासून वर्खवाला रोज भांडी घासायला लागला. उद्याच्या बोलण्यात आपलं नाव येतं का, ते ऐकायला. त्याची स्वतःची आई तो लहान असतानाच गेली होती. हे तो कुणाला सांगत नसे. भांडी मात्र घासायचा.

म्हणजे कुत्रा गेला की सासूबाई जाणार. आणि कुत्रा देऊन टाकून त्या एकट्या राहिल्याच, तर बोलणार कुणाशी? हे वर्खवाल्याला आणि त्याच्या बायकोला पक्कं ठाऊक होतं, म्हणून पहिले दोन महिने तो आतल्या खोलीत दार लावून, तोंडात उशी धरून शिंकला.

मग मेहुण्याला सुगावा लागला. मेहुणा म्हणजे बायकोचा थोरला भाऊ. त्याचं घर लहान आणि मतं मोठी. ॲलर्जी केसांमुळे होते, केस काढा, असं त्याने फोनवरच निदान करून टाकलं. कुत्र्यांचे केस कापणाऱ्या बाईकडे हेडमास्तरला नेलं. परत आला तो वेगळाच प्राणी होता. पावसात धुतलेली पिशवी जशी लहान होते तसा लहान, गुलाबी, आणि प्रचंड अपमानित. दोन दिवस तो टेबलाखालून बाहेर आला नाही. तिसऱ्या दिवशी कारखान्याच्या भिंतीवर चौतीस रेघा झाल्या.

मेहुणा डगमगला नाही. तो म्हणाला की कुत्रा चार दिवस माझ्याकडे ठेवा, शिंका थांबल्या तर कुत्राच दोषी. चार दिवस हेडमास्तर तिकडे राहिला. चार दिवस सासूबाई स्वयंपाकघरात गप्प उभ्या राहिल्या. आणि चारही दिवस वर्खवाला जसाच्या तसा शिंकत राहिला. बायकोने लगेच निकाल दिला की कुत्रा निर्दोष आहे. हेडमास्तर खटला जिंकल्यासारखा परत आला, आल्या आल्या सोफ्यावर चढला, आणि त्याच आठवड्यात वर्खवाल्याच्या छातीत शिट्टी वाजायला लागली.

शिंक लपवता येते. शिट्टी नाही. पान उचलून श्वास रोखला की कारखान्याच्या शांततेत कुठेतरी कुकर लागल्यासारखा आवाज यायचा. एका मोठ्या नाट्यगृहाच्या दर्शनी भागातल्या आरशाचं काम आलेलं होतं, माणसाच्या दुप्पट उंचीचा आरसा, आणि त्याची चौकट अर्धीही झाली नव्हती. मालकाने पहिल्यांदाच खडू खाली ठेवला आणि त्याला डॉक्टरकडे जायला सांगितलं.

ॲलर्जीच्या डॉक्टरबाईंनी अर्धा तास नुसते प्रश्न विचारले. कधीपासून होतंय, घरात जास्त की कामावर, डोळे खाजतात का, कुत्र्याने हात चाटला तर तिथे लाल होतं का, तो झोपतो कुठे. सोफ्यावर, असं वर्खवाल्याने सांगितलं. आणि तुम्ही? मीही सुटीच्या दुपारी तिथेच. बाईंनी ते लिहून घेतलं. मग म्हणाल्या की हातावर टोचून तपासणी करू, पण त्याआधी सात दिवस ॲलर्जीची एकही गोळी पोटात जाता कामा नये.

"गोळीने ॲलर्जी झोपते," त्या म्हणाल्या. "आणि झोपलेल्याची हजेरी घेता येत नाही."

वर्खवाल्याला हे वाक्य फार आवडलं. त्याने ते घरी सांगितलं, कारखान्यात सांगितलं. इथेच चुकलं.

कारण त्या सात दिवसांत चमत्कार झाला. शिंका थांबल्या. शिट्टी नुसती कुजबुजायला लागली. भिंतीवर पहिल्या दिवशी नऊ रेघा, दुसऱ्या दिवशी दोन, मग शून्य. फक्त वर्खवाल्याला झोप यायची. जेवताना यायची, बोलताना यायची, एकदा तर नकार देताना मध्येच आली. एका दुपारी तो कामाच्या टेबलावरच आडवा झाला आणि उठला तेव्हा उजव्या गालावर सोन्याचं अख्खं पान चिकटलेलं होतं. त्याच्या लक्षात आलं नाही. तो तसाच बसने घरी गेला. बसमध्ये लोकांनी उठून त्याला जागा दिली.

आठव्या दिवशी डॉक्टरबाईंनी त्याच्या हातावर पेनाने आकडे काढले, प्रत्येक आकड्याशी एकेक थेंब टाकला आणि थेंबातून बारीकसं टोचलं. धूळ, बुरशी, फुलांचे पराग, मांजर, कुत्रा. शेवटचे दोन थेंब निराळे होते. एक नुसतं मिठाचं पाणी, त्याने कुणालाच काही होत नाही. दुसरा असा, की तो कुणालाही टोचला तरी डास चावल्यासारखी गांधी उठतेच. वीस मिनिटं थांबायचं होतं. वर्खवाला तेवढ्यातही झोपला.

वीस मिनिटांनी बाईंनी हात पाहिला. उलटा करून पाहिला. दिव्याखाली धरला. कुठेही काही नव्हतं. कुत्र्याच्या थेंबाला नाही, आणि शेवटच्या थेंबालाही नाही.

"शास्त्राप्रमाणे तुम्ही आत्ता इथे हजर नाही आहात," बाई म्हणाल्या. "गोळी कुणी दिली?"

वर्खवाला म्हणाला की शपथेवर सांगतो, एकही घेतली नाही. बाईंनी त्याच्या अर्धवट मिटलेल्या डोळ्यांकडे पाहिलं आणि विचारलं की चहा कोण करतं. मग त्याच हातातून रक्त काढून घेतलं. रक्ताच्या तपासणीला गोळीने फरक पडत नाही, म्हणाल्या, आणि आठवड्याने चहा करणाऱ्यांना सोबत घेऊन यायला सांगितलं.

घरी येऊन त्याने हे सगळं जसंच्या तसं सांगितलं. समोर चहाचे तीन कप होते. बायको बराच वेळ आपल्या कपात पाहत बसली, जणू गोळी तिथेच बुडालेली दिसतेय.

"सकाळच्या चहात टाकत होते," ती शेवटी म्हणाली. "तपासणीत काही निघालं नाही, तर आई राहील असं वाटलं. रोज एकच टाकली रे."

एका गोळीने माणूस नकार देताना झोपत नाही, असं वर्खवाला म्हणणार होता. तेवढ्यात सासूबाईंनी खाली वाकून हेडमास्तरच्या कानाशी विचारलं, "काय रे, सांगून टाकायचं का आपण?" हेडमास्तरने काही म्हटलं नाही. "संध्याकाळचा चहा आमचा होता म्हणावं," सासूबाईंनी त्यालाच सांगितलं.

दुपारचा चहा कारखान्यात व्हायचा. दुसऱ्या दिवशी मालकाने स्वतःहूनच खिशातली अर्धी पट्टी काढून टेबलावर ठेवली. त्याला कुत्र्याशी काही देणंघेणं नव्हतं, त्याला फक्त आरसा पुरा करायचा होता. तिघांनी एकाच औषधवाल्याकडून एकाच नावाच्या गोळ्या नेल्या होत्या, आणि या तिघांना काय झालंय म्हणून औषधवाला बिचारा आठवडाभर काळजीत होता.

पुढच्या आठवड्यात डॉक्टरबाईंपुढे सगळे रांगेत बसले. वर्खवाला, बायको, सासूबाई आणि मालक. मेहुणाही आला, त्याला कुणी बोलावलं नव्हतं. बाईंनी आधी सगळ्यांची हजेरी घेतली. माणूस गुंगीत जिन्यावरून पडला असता, रस्त्यात गाडीखाली आला असता, आणि तुम्ही तिघं स्मशानात एकमेकांकडे बघत उभे राहिला असता, हे त्यांनी आवाज न चढवता सांगितलं. मालकाने मान खाली घातली. सासूबाईंनी पदर नसताना पदर सावरला.

मग बाईंनी रिपोर्ट उघडला. पण त्याआधी केसांचा विषय निकालात काढला. ॲलर्जी केसांची नसते. ती असते कुत्र्याच्या लाळेतल्या, कातडीच्या कोंड्यातल्या आणि लघवीतल्या काही प्रथिनांची. केस म्हणजे नुसता हमाल. तुम्ही हमालाला हाकललंत, माल घरातच राहिला. आणि चार दिवस कुत्रा बाहेर ठेवून काही कळत नाही, कारण हा माल सोफ्यात, गालिच्यात, पडद्यांत महिनोन्महिने मुक्काम करतो. मेहुण्याने खिशातून फोन काढून उगीचच पाहिला.

"धूळ नाही, बुरशी नाही, मांजर नाही," बाई वाचत गेल्या. "कुत्रा आहे."

बायकोने आईचा हात धरला. सासूबाई लगेच उठायलाच लागल्या, जणू बॅग याच खोलीच्या दाराशी होती.

"बसा, पुढे आहे," बाई म्हणाल्या. "कुत्र्याची निरनिराळी प्रथिनं असतात, ती वेगवेगळी तपासली. यांना त्यातलं एकच चालत नाही. आणि ते फक्त नराच्या एका ग्रंथीत तयार होतं. म्हणजे यांना कुत्र्याची ॲलर्जी नाही. नर कुत्र्याची आहे."

हा आजार आहे की मत, असं बायकोने विचारलं.

आजारच, बाई म्हणाल्या, सगळ्यांचा असा नसतो, पण काहींचा असतो. कुत्र्याची नसबंदी केली तर हे प्रथिन बरंच घटतं. खात्री देत नाही. शिवाय झोपायच्या खोलीत कुत्र्याला बंदी, सोफ्याची कव्हरं आणि पडदे गरम पाण्यात धुवायचे, कुत्र्याला अंघोळ दुसऱ्या कुणीतरी घालायची, आणि यांनी रोज नाकात औषध मारायचं. एवढं करून तीन महिन्यांत छातीतली शिट्टी थांबली तर ठीक. नाही थांबली, तर कुत्रा त्या घरात राहू शकत नाही.

"आजार रेड्याला आणि औषध पखालीला," सासूबाई म्हणाल्या. त्या आठवड्यातलं लोकांसमोर बोललेलं हे त्यांचं सर्वांत लांब वाक्य.

अडचण हेडमास्तरची नव्हती, सासऱ्यांची होती. जनावरांच्या डॉक्टरने सहा वर्षांपूर्वीच हे ऑपरेशन सुचवलं होतं आणि सासऱ्यांनी दर वेळी कुत्र्याला घेऊन तिथून काढता पाय घेतला होता. एका पुरुषाने दुसऱ्याशी असं वागू नये, म्हणायचे. आता ते नव्हते, आणि त्यांचा शब्द तेवढा मागे राहिला होता. सासूबाईंनी एक दिवस मागून घेतला.

वर्खवाला घरी येऊन म्हणाला की असलं काही करायची गरज नाही, दुसरं काम बघेन. चौकटींना साधा रंगही देता येतो. बायको म्हणाली, तुला साधा रंग देताना मी एकदा पाहिलंय, भिंतीला सुतक आल्यासारखं दिसत होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी तो दाढी करत होता. पलीकडे हेडमास्तरच्या भांड्याचा आवाज आला, मग सासूबाईंचा.

"हे बघ बाबा. जावई मला काही म्हणत नाही. दार लावून, उशी तोंडात धरून शिंकतो. तू ऐकलंस ना? मीही पहिल्या दिवसापासून ऐकतेय. ऐकलं नाही असं दाखवलं, हे माझं चुकलं. आता तुझं थोडंसं जाईल. माझं सगळंच गेलं, तरी बघ, जेवते ना मी? तुझ्या मालकाला काय सांगायचं ते मी वर गेल्यावर सांगेन."

वर्खवाला वस्तरा हातात धरून तसाच उभा राहिला. त्या दिवशी त्याची दाढी अर्धीच झाली, आणि कारखान्यात कुणी विचारलं नाही.

ऑपरेशन दहा मिनिटांत झालं. वर्खवाल्याने रजा टाकली होती. आजार आपला, टाके त्याला, हा हिशेब त्याला काही केल्या पचत नव्हता. तोंडाला मास्क बांधून तो हेडमास्तरपासून हातभर अंतरावर जमिनीवर बसला. हेडमास्तरच्या गळ्यात टाके चाटू नयेत म्हणून प्लास्टिकचं नरसाळं बांधलेलं होतं. त्या नरसाळ्यातून तो वर्खवाल्याकडे असा पाहत होता की आता कर्ण्यावरून शाळेसमोर नाव पुकारेल.

"माफ करा, सर," वर्खवाला म्हणाला. आणि पाच महिन्यांत पहिल्यांदा त्याने हात पुढे केला. हेडमास्तरने तो हुंगला, आणि चाटायला गेला तेव्हा नरसाळं मध्ये आलं. मनगटावर काही उठतंय का, हे वर्खवाला संध्याकाळपर्यंत बघत बसला. मनगटाला त्या दिवशी प्लास्टिकशिवाय कशाचाच स्पर्श झाला नव्हता, हे बायकोने लक्षात आणून दिलं.

मग धुणं सुरू झालं. घरातली कापडं इतक्यांदा उकळली की पडदे गुडघ्यापर्यंत आले. सोफ्यावर चढायची बंदी हेडमास्तरने लेखी आदेश नसल्यामुळे आठवडाभर मानली नाही. कारखान्यात रेघा अठ्ठावीसवर आल्या, मग एकदम तेहेतीस. त्या संध्याकाळी सासूबाईंनी बॅगेची चेन लावून घेतली, वर्खवाल्याने ते पाहिलं. पुढच्या आठवड्यात वीस. मग तेरा. मग सहा, आणि तिथेच थांबल्या. सहा शिंका कुणालाही येतात, मालक म्हणाला, आणि भिंत पुसून घेतली. अकराव्या आठवड्यात डॉक्टरबाईंनी छातीला नळी लावली, डोळे मिटून बराच वेळ ऐकलं, आणि काही ऐकू येत नाही म्हणाल्या. असं सांगताना डॉक्टर इतका खूश झालेला वर्खवाल्याने आधी पाहिला नव्हता.

मालकाचं एवढ्याने समाधान झालं नाही. नाट्यगृहाच्या आरशाचा शेवटचा कोपरा उरला होता. कुत्र्याला इथे आणा, म्हणाला, त्याच्यासमोर शेवटचं पान बसलं तर मी मानीन. म्हणून एका सकाळी सासूबाई हेडमास्तरला पट्ट्याने धरून कारखान्यात आल्या आणि तो टेबलाखाली, वर्खवाल्याच्या पायाशी बसला.

वर्खवाल्याने ब्रश गालावरून फिरवला. पान उचललं. नाकात कुठेतरी काहीतरी हललं. मालकाच्या हातात खडू होता. वर्खवाल्याने श्वास रोखला, ते जे काही होतं ते जरा रेंगाळलं, आणि निघून गेलं. त्याने पान चौकटीजवळ नेलं.

आणि हेडमास्तर शिंकला.

खडूच्या धुळीने आलेली, तीन महिने पुरेल एवढी जोरदार शिंक. पान ब्रशवरून उठलं, हवेत एकदा उलटलं आणि सावकाश खाली येऊन हेडमास्तरच्या नाकावर बसलं. नाक ओलं होतं, पान पक्कं चिकटलं. हेडमास्तरने सोनेरी नाकाने सगळ्यांकडे आळीपाळीने पाहिलं.

"ही कुणाच्या नावावर मांडू?" मालकाने विचारलं.

सासूबाईंनी पाटी वाचली, पट्टा वर्खवाल्याच्या हातात दिला, बाहेर गेल्या, दार लावलं आणि हसल्या. दार जाड होतं, तरी आत सगळं ऐकू येत होतं. बराच वेळ येत होतं. दुसरं पान बसवून होईपर्यंत येत होतं.

घरी आल्यावर त्या दाराशी थांबल्या आणि बॅगेकडे पाहिलं.

"ही माळ्यावर टाक रे," त्या वर्खवाल्याला म्हणाल्या. "येता-जाता पायात येते. आणि दाराशी एक खिळा ठोक, पट्टा टांगायला."

त्याने बॅग माळ्यावर टाकली, खिळा आणला, हातोडी आणली. पहिल्याच ठोक्याला भिंतीचा पोपडा उडाला, चुन्याची धूळ खाली आली, आणि वर्खवाला घरभर घुमेल असा शिंकला. बायको स्वयंपाकघरातून धावत आली. हेडमास्तर कान टवकारून उभा राहिला.

"ही भिंतीची आहे," वर्खवाला म्हणाला.

"मग हिला इलाज नाही," सासूबाई म्हणाल्या, आणि त्यांनी खिळा दोन बोटांत सरळ धरला. "ठोक. माझं बोट सांभाळ."